आमचा बफारा नि त्यांचा हार

यंदाच्या जूनमध्ये एक अख्खा आठवडा मी रोज दुपारी चारच्या ठोक्याला गच्चीवर चढत होतो. बडोद्यात, जूनच्या उन्हात, वय वर्षं ६६. शेजारच्या अगाशीवरून बघणाऱ्यांना नक्की वाटलं असणार की काकांना ऊन लागलंय. कारण एवढंच की नातीच्या शाळेत प्रोजेक्ट होतं. नात असते ॲबर्डीनला, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, उत्तर समुद्राच्या अगदी काठाशी, आणि त्यांच्या टीचरने सांगितलेलं की उन्हाळ्यातल्या एका आठवड्याचं हवामान रोज स्वतः मोजून लिहायचं, ॲपमधून उतरवलेलं चालणार नाही, आणि जमलं तर लांबच्या एखाद्या नातेवाइकाला धरून त्याच्या गावचंही सोबत लिहायचं. लांबचा नातेवाईक म्हणजे मी. बत्तीस वर्षं खताच्या कारखान्याच्या लॅबमध्ये काढलेला माणूस, थर्मामीटर म्हटल्यावर मला नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

वेळेवरून पहिला घोळ झाला. त्यांचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास असतं. म्हणजे आमचे रात्रीचे साडेआठ तेव्हा त्यांचे दुपारचे चार. मग ठरलं की दोघांनी आपापल्या चार वाजता मोजायचं, ती शाळेतून येते आणि लगेच आकडे घेते, नि तेव्हाच व्हिडिओ कॉल करायचा. ह्यात आमच्या घरचं रात्रीचं जेवण आठवडाभर नऊच्या पुढे गेलं, ही मला रोज एकदा ऐकवायची, पण कॉल सुरू झाला की सगळ्यात पुढे खुर्ची हिचीच.

आता मोजायचं काय काय, तर कोरडं तापमान, ओलं तापमान, वारा, ढग आणि पाऊस. ओलं तापमान म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. दोन सारखे थर्मामीटर घ्यायचे, एकाच्या बुडाला मलमलीचं फडकं गुंडाळायचं नि त्या फडक्याचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडायचं म्हणजे ते सतत ओलं राहतं. पाणी उडून जाताना बुडाची उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला थर्मामीटर कमी दाखवतो. माठातलं पाणी गार होतं ते ह्याच हिशोबाने. हवा जितकी कोरडी तितकं पाणी जास्त उडणार, दोन आकड्यांतला फरक तितका मोठा. हवेतच पाणी ठासून भरलेलं असेल तर उडायला जागाच नाही, मग फरक कमी कमी होत जातो. ह्या फरकावरून तक्त्यात बघून हवेतला दमटपणा टक्क्यांत काढता येतो, आम्ही लॅबमध्ये वर्षानुवर्षं हेच करायचो.

थर्मामीटर रावपुऱ्यातल्या एका शाळा-कॉलेजच्या सामानाच्या दुकानातून आणले, लाल अल्कोहोलवाले. दुकानदार म्हणाला दोन्ही एकदम ॲक्युरेट छे, काका. घरी आणून एकाच पेल्यात बुडवले तर एक २९ आणि दुसरा साडेएकोणतीस. आता खोटारडा कोण ते कसं ओळखायचं, तर बर्फाच्या चुऱ्यात. मी कोपऱ्यावरच्या गोळेवाल्याकडे पेला घेऊन गेलो, म्हटलं चांगला बारीक बर्फ भरून दे, तो म्हणे कुठलं सरबत घालू, कालाखट्टा की ऑरेंज. म्हटलं काही नको, फक्त बर्फ नि थोडं पाणी, आणि तिथेच बाकड्यावर बसून दोन्ही थर्मामीटर त्यात खुपसले. वितळणाऱ्या बर्फात शून्य यायला पाहिजे. एक बरोब्बर शून्यावर उभा राहिला, दुसरा अर्ध्यावर अडकला. म्हणजे त्याच्या प्रत्येक आकड्यातून अर्धा वजा. गोळेवाल्याने पैसे घेतले नाहीत, पण तेव्हापासून मी दिसलो की तो शेजारच्या माणसाला कोपराने ढोसतो.

फडकं माझ्या जुन्या धोतराचं. पाणी मात्र नळाचं चालत नाही, क्षार बसून फडकं कडक होतं आणि मग पाणी नीट चढत नाही. डिस्टिल्ड वॉटर पाहिजे. ते घरात होतंच, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेला पाच लिटरचा कॅन.

राहिली पेटी. थर्मामीटर नुसता भिंतीला टांगला तर तो हवेचं नाही, उन्हाचं नि तापलेल्या भिंतीचं तापमान दाखवतो. म्हणून पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनी तिरक्या पट्ट्या असलेली पेटी लागते, वारा आत खेळला पाहिजे पण ऊन शिरता कामा नये. हिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश माणसाने ही एकोणिसाव्या शतकात काढली, हा मुळात दीपगृहं बांधणारा इंजिनियर. आणि मजा बघा, लेकीच्या फ्लॅटच्या खिडकीतून बंदरापलीकडे जे गर्डल नेसचं दीपगृह दिसतं ते ह्याच थॉमसच्या बापाने, रॉबर्ट स्टीव्हन्सनने बांधलेलं, १८३३ साली. हे मी नातीला सांगितलं तर ती म्हणे, "कूल. पण आबा, माझी पेटी जावा... सॉरी, डॅडी बनवतोय, मी फक्त पेंट करणार." जावई हा शब्द तिने आजीकडून उचललाय, तो बापालाच वापरते.

दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, माळ्यावर तिरक्या पट्ट्यांच्या दोन लाकडी झडपा पडून होत्या, आजोबांच्या वेळच्या खिडकीच्या. त्या कापून पेटी केली, उरलेला पांढरा ऑइल पेंट मारला, आणि स्टुलावर ठेवून थर्मामीटरची बुडं चार फुटांच्या जरा वर येतील अशी उंची धरली, ब्रिटनमध्ये सव्वा मीटरचा नियम आहे म्हणून. नियमाप्रमाणे पेटीखाली गवत पाहिजे. दांडिया बाजारात गवत! गच्चीच्या लादीची धग खालून लागणार, आकडा थोडा जास्तच येणार हे मी आधीच कबूल करून टाकलं आणि नातीला वहीत तसं लिहायला लावलं. शेजारच्या अगाशीवरून प्रश्न आला, "काका, मधमाखी पाळवाना छो?" मी म्हटलं नाही, हवा मापवानी छे. त्यावर त्यांनी जी मान हलवली ती सहानुभूतीची होती. आणि आमच्या हिचं वेगळंच दुखणं, की जिथे पेटी ठेवली तिथे दरवर्षी तिच्या मसाल्याच्या मिरच्यांचं शेवटचं ऊन असतं.

रविवारी सुरुवात झाली. बडोदा ४१, ओलं २४, म्हणजे दमटपणा पंचवीस टक्क्यांच्याही आत. आकाश कोरं, वारा गरम, रस्त्यावर कुत्रंही नाही. ॲबर्डीन १६, ओलं १३. लेक मागून ओरडली, "बाबा, आज मस्त उन्हाळा आहे, आम्ही बीचवर जाऊन आलो!" सोळा डिग्रीला. आमच्याकडे जानेवारीतही सोळा पाहिलं की माकडटोप्या निघतात. आणि नात टीशर्टवर.

सोमवारी मला वाटलं पोरीने पहिल्या दोन दिवसांतच कंटाळा केला. आकडे आले ११ आणि ११. दोन्ही सारखे. आता लॅबमध्ये शिकाऊ पोरांनी असे आकडे आणले की आम्ही सरळ ओरडायचो, कारण ह्याचा अर्थ बाटलीतलं पाणी संपलंय, फडकं वाळलंय आणि ओला थर्मामीटर कोरड्यासारखाच वागतोय. मी म्हटलं, "अगं, पाणी घातलंस का बाटलीत? फडकं सुकलं असणार." ती म्हणे घातलंय. म्हटलं हात लावून बघ. म्हणे ओलं आहे आबा. मी काही ऐकेना, आजोबाच शेवटी, म्हटलं खोटं बोलायचं नाही, उद्या टीचर विचारेल तर काय सांगशील. त्याच्यावर ढगांचा रकाना वाचून दाखवला तिने, "क्लाउड, नाइन." ढग मोजतात आकाशाचे आठ भाग करून, एकाला ऑक्टा म्हणतात, निम्मं आकाश झाकलं तर चार, पूर्ण झाकलं तर आठ. आठातले नऊ कसे येतील? मी म्हटलं हे बघ, हे तर साफ चुकलं.

तर ती काही बोलली नाही. तिने फोन उचलला, खिडकीशी नेला नि कॅमेरा बाहेर फिरवला. स्क्रीनवर नुसतं पांढरं. मला वाटलं नेट गेलं. मग त्या पांढऱ्यातून एक सीगल आला नि गेला, आणि खाली रस्त्यावरच्या गाडीचे दिवे अंधुक पिवळे दिसले. दीपगृह नाही, बंदर नाही, समोरच्या ग्रॅनाइटच्या इमारतीचा फक्त खालचा मजला. दुपारचे चार वाजलेले, जूनचा मध्य, तिकडे आता सूर्य रात्री दहानंतर मावळतो.

"आबा, हार आलाय," नात म्हणाली.

ही म्हणाली, "कोणी घातला?"

हार म्हणजे त्यांच्याकडचं समुद्रावरून येणारं धुकं, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्याला हाच शब्द आहे, आणि आमच्या घरात तो शब्द पुढे आठवडाभर फुलांच्या हाराचे सगळे विनोद होऊन संपला. पण मी मात्र जरा ओशाळलो. कारण दोन आकडे सारखे यायला कारणं दोन असतात, फडकं वाळलेलं असणं हे एक, आणि हवाच पाण्याने काठोकाठ भरलेली असणं हे दुसरं. धुक्यात शंभर टक्के, पाणी उडायला जागाच नाही. बत्तीस वर्षांत मला दुसरं कारण कधी भेटलंच नव्हतं, बडोद्याच्या लॅबमध्ये कुठून भेटणार, म्हणून डोक्यात पहिलंच आलं. आणि ते आठातले नऊ, तेही बरोबर निघालं. धुक्यामुळे आकाशच दिसत नसेल तर नऊ लिहायचं, असाच नियम आहे. टीचरने शिकवलेलं. पोरीला सॉरी म्हटलं. ती म्हणे इट्स ओके आबा, पण मला वाटतं तिने ते जपून ठेवलंय, कधीतरी काढेल.

मंगळवारी माझी पाळी. गच्चीवर गेलो तर माझे आकडे सारखे, ४१ आणि ४१. बडोद्यात शंभर टक्के दमट हवा आणि एकेचाळीस डिग्री असं झालं तर शहरात एकही माणूस जिवंत राहणार नाही, म्हणजे कारण पहिलंच. बघतो तर फडकंच नाही. बाटली आहे, पाणी आहे, थर्मामीटर उघडा. खाली पेटीच्या पट्टीत दोन-तीन धागे अडकलेले. हिने सांगितलं सकाळपासून खार येरझाऱ्या घालत होती, पलीकडच्या कौलाखाली तिचं घरटं आहे. माझ्या धोतराचा तुकडा तिच्या पिल्लांखाली. दुसरा तुकडा कापून दोऱ्याने तीन वेढे घालून बांधला नि पेटीला मच्छरजाळी लावली, तोपर्यंत साडेचार वाजून गेले. वहीत मंगळवारी बडोद्याच्या ओल्या रकान्यात नातीने काहीच आकडा घातला नाही, तिथे खारीचं चित्र काढलं. ॲबर्डीन परत ११, ११, नऊ.

बुधवारी मी लेकीला विचारलं की अगं तिकडे उन्हाळा आहे का काय आहे नक्की, पोरीला स्वेटर घालताय जूनमध्ये. ती म्हणाली, बाबा, गंमत ऐका. जावई कामासाठी बँकरीला गेले होते, किनाऱ्यापासून साधारण तीस किलोमीटर आत असेल. तिथे लख्ख ऊन, २२ डिग्री, लोक बागेत आइस्क्रीम खात बसलेले. परत येताना शहराच्या अलीकडे रस्त्यात समोर पांढरी भिंत उभी, गाडी त्यात शिरली आणि गाडीतलं तापमान २१वरून १२वर. हे ऐकून मी नकाशा घेऊन बसलो, कारण मला त्यातलं कारण पाहिजे होतं.

कारण समुद्र. उत्तर समुद्राचं पाणी जूनमध्येही अकरा-बारा डिग्रीच्या घरात असतं, पाणी तापायला वेळ लागतो. युरोपच्या जमिनीवरून गरम, ओलसर हवा पूर्वेच्या वाऱ्याबरोबर त्या थंड पाण्यावरून येते, खालून गार होत जाते, इतकी गार की तिच्यातली वाफ तिला सांभाळता येत नाही आणि तिचं धुकं होतं. आणि वर परत, आत जमिनीवर जितकं कडक ऊन पडेल तितकी तिथली हवा वर जाणार नि समुद्रावरची हवा किनाऱ्याकडे ओढली जाणार. म्हणजे आतल्या गावांना जितका चांगला उन्हाळा तितकी किनाऱ्यावर धुक्याची शक्यता. आत गेल्यावर उन्हाने ते विरून जातं, काठावर मात्र समुद्र नवीन नवीन माल पुरवतच असतो. पूर्वी अशा दिवशी त्या गर्डल नेसच्या दीपगृहावरून भोंगा वाजायचा, आवाज गाईच्या हंबरण्यासारखा, म्हणून लोक त्याला टोरी कू, म्हणजे टोरीची गाय म्हणायचे, टोरी हे तिथल्या वस्तीचं नाव. १९८७पासून तो बंद आहे. नातीने गायीचा आवाज काढून दाखवला, आजीला तो इतका आवडला की दोनदा काढायला लावला.

आता आमच्याकडे बघा. बुधवारपासून आमच्याकडेही वारा बदलला, नैर्ऋत्येचा जोर धरला, गच्चीवरचे कपडे उडायला लागले, तापमान ३९ पण ओलं २६. खंभातचं आखात आमच्यापासून फार लांब नाही, तोही वारा समुद्रावरूनच येतो, त्यांच्यासारखाच. फक्त आमचा समुद्र जूनमध्ये तीस डिग्रीच्या आसपास, कोमट चहा. त्यावरची हवा गार होत नाही, नुसती ओली होऊन येते. त्यांना समुद्र धुकं पाठवतो नि आम्हाला बफारा. बफारा हा आमचा गुजरातीतून घेतलेला शब्द, पुण्याचे पाहुणे उकाडा म्हणतात, पण उकाड्यात ते वाफवल्यासारखं चिकट काही येत नाही.

गुरुवारी ॲबर्डीनला वारा पश्चिमेचा झाला, डोंगरांवरून खाली उतरणारा, कोरडा नि गरम झालेला, आणि एका दिवसात ११चे २१ झाले. ओलं १५, ढग दोन, दीपगृह ठळक. लेकीचा आवाजच वेगळा. ती म्हणे, बाबा, सगळं गाव रस्त्यावर आलंय, ग्रॅनाइटच्या भिंती उन्हात चमचमतायत, ऑफिसातले लोक बाही वर करून बीचवर. नात म्हणाली आबा इट्स सो हॉट. एकवीस! माझ्याकडे चार वाजता ३८, ओलं साडेसत्तावीस, ढग सहा. ही शांतपणे म्हणाली, "इकडे ये, हॉट काय असतं ते दाखवते."

त्या दिवशी वटपौर्णिमेच्या पूजेवरून आल्या आल्या हिने दावा केला की वडाखाली दहा डिग्री कमी होतं. बडोदा हे नावच वडावरून आलेलं, त्यामुळे आमच्याकडे वडाची बाजू सगळेच घेतात. मी जादाचा थर्मामीटर घेऊन गल्लीच्या टोकाच्या वडापाशी गेलो, सुतं गुंडाळलेल्या खोडापासून जरा लांब उभा राहिलो, दहा मिनिटं. बाहेरच्या सावलीपेक्षा फक्त एक डिग्री कमी. हिला सांगितलं तर म्हणे तुमचा थर्मामीटर बिघडलाय. बिघडलेला नव्हता, पण तीही चुकीची नव्हती. अंगावर थेट ऊन पडत नाही नि आजूबाजूला तापलेली भिंत-डांबर नाही ह्याने शरीराला जो फरक पडतो तो हवेच्या तापमानात दिसत नाही. हे सगळं मी तिला समजावत असताना ती फणस चिरत होती, मला वाटत नाही तिने ऐकलं.

शुक्रवार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ३७ आणि २८. म्हणजे रविवारपेक्षा चार डिग्री कमी, टीव्हीवर पण सांगत होते की पारा उतरला, आणि घरात मात्र जीव नकोसा झालेला, दुपारभर कुणाला झोप नाही. कूलर फुल स्पीडला लावूनही घाम. ही म्हणाली कूलरची मोटर गेली वाटतं, मिस्त्रीला बोलवा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी सहज म्हणून मी थर्मामीटर कूलरच्या तोंडाशी धरला होता, तेव्हा बाहेर ४१ असताना कूलरची हवा २८ होती. आता परत धरला. ३१. बाहेर चार डिग्री गार, कूलरमधून मात्र तीन डिग्री जास्त गरम. मोटर चांगली होती, पंप चालू, वाळ्याचे पडदे व्यवस्थित ओले. कूलर म्हणजे माझ्या त्या ओल्या थर्मामीटरचाच थोरला भाऊ, पडद्यातलं पाणी उडणार तेव्हा हवा गार होणार, आणि कितीही चांगला कूलर आणा, तो ओल्या फडक्याच्या आकड्याच्या खाली हवा नेऊच शकत नाही. रविवारी ती लक्ष्मणरेषा २४ होती, शुक्रवारी २८. आपलं घाम येणं नि वाळणं हेसुद्धा तेच मशीन. ओलं फडकं ३५ दाखवायला लागलं तर घाम गाळूनही शरीर स्वतःला गार ठेवू शकत नाही, ती मर्यादा मानतात, आणि खरंतर त्याच्या पुष्कळ आधीच माणूस खलास होतो. इतकी वर्षं मी टीव्हीवरचा पहिला आकडा बघत आलो, आता मी दुसराच बघतो. मिस्त्रीचे तीनशे रुपये वाचले हे वेगळं.

हे मी फोनवर इतकं रंगवून सांगितलं की नात म्हणाली, "आबा, कूलर म्हणजे काय?" तिने पाहिलेलाच नाही. त्यांच्याकडे अकरा डिग्रीला कशाला. मग आजीने फोन नेऊन कूलर दाखवला, मागचं झाकण काढून, पडद्यावरून गळणाऱ्या पाण्यासकट, आणि प्रोजेक्टमध्ये एक अख्खं पान त्याचं चित्र आलं. टीचरला तेच पान सगळ्यात आवडलं असं नंतर कळलं.

शनिवार. सकाळपासून हवा थांबलेली, पान हलत नाही, पावणेचारला पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं झालं. मी चारची वाट न बघता वर गेलो, तेव्हा ३७. मग एकदम धुळीची वावटळ, कुणाच्या तरी अगाशीवरचा पत्रा वाजला, ही खालून ओरडली मिरच्या, मिरच्या, आणि आम्ही दोघं गच्चीवर मिरच्या गोळा करतोय तोवर टपोरे थेंब सुरू. पेटीचं दार उघडून चार वाजताचा आकडा मी भिजत भिजत घेतला, चष्म्यावर पाणी, नीट दिसेना. पुढच्या अर्ध्या तासात पारा २७वर, ओलं साडेपंचवीस. दहा डिग्री अर्ध्या तासात! आडव्या पावसाने पेटीतही पाणी शिरलं पण आकडा खरा होता. पावसाला मी प्लास्टिकची बाटली कापून, वरचा भाग उलटा घालून, बाहेरून फूटपट्टी चिकटवलेली. बाटलीचं बूड खडबडीत असतं म्हणून आधी थोडं पाणी घालून शून्याची खूण केलेली. थांबला तेव्हा मोजलं, १४ मिलिमीटर. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, म्हणजे आमच्या एवढ्याशा गच्चीवरून पन्नासेक बादल्या तरी वाहून गेल्या असतील. गल्लीत पोरं नाचत होती, सगळ्यांचं तेच चाललेलं, आला एकदाचा. हा मान्सून नव्हे, त्याच्या आधीचा वळीव, हे मी सांगायला गेलो तर कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. नि आमच्या गावात पावसाचा आनंद हल्ली जरा बिचकतच करतात, २०२४च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तिच्याबरोबर मगरीही रस्त्यांवर आल्या होत्या, ते अजून कुणी विसरलेलं नाही.

साडेआठला कॉल. ॲबर्डीन १४, ओलं साडेतेरा, ढग आठ, पाऊस २ मिलिमीटर. मी म्हटलं किती वेळ पडला? "ऑल डे, आबा." दिवसभर भुरभुर पडून दोन, आमचा पंचवीस मिनिटांत चौदा. तिने बापाला विचारून वर्षाचा आकडा काढलेला, मी माझ्याकडचा सांगितला, तर दोन्ही गावांत वर्षाला पडतो जवळजवळ सारखाच, आठ-नऊशे मिलिमीटरच्या घरात. तिला हे खोटंच वाटलं, आमच्या हिलाही. तिकडे तो बाराही महिने थेंबथेंब वाटलेला, आमच्याकडे चार महिन्यांत उरकून टाकलेला. अशा दिवसाला तिथे ड्रीख म्हणतात, करडा, ओला, कंटाळवाणा. ड्रीखला मराठीत काय म्हणायचं ह्यावर लेक नि ही पाच मिनिटं बोलत होत्या. हिचं मत पडलं, झिमझिम. लेक म्हणे नाही आई, झिमझिम छान असते. पिरपिर, मी म्हटलं. पिरपिर पास झालं, नातीने वहीत देवनागरीत लिहिलं, पहिला ऱ्हस्व दुसरा दीर्घ करून.

रविवारी सकाळी मी पेटी आवरायला वर गेलो. थर्मामीटर पुसून डब्यात ठेवायचे, पेटी माळ्यावर टाकायची असा विचार होता. बघतो तर पेटीची मच्छरजाळी नीट बसवलेली, दार लावलेलं, आणि आत लसणाच्या दोन जुड्या टांगलेल्या, खाली परडीत मिरच्या.

"वारं खेळतं आत," ही म्हणाली, "आणि ऊन लागत नाही. तुम्हीच सांगत होतात."